आर्चबिशपच्या घरी राहिलेला इमाम

२०१३ च्या डिसेंबरात बांगी शहरातले इमाम उमर कोबिन लायामा कुटुंबासह घर सोडून निघाले आणि थेट कॅथलिक आर्चबिशपच्या आवारात राहायला गेले. पुढचे कित्येक महिने त्यांचा मुक्काम तिथेच होता. त्या आवारात एका बाजूला घंटा वाजायची आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या इस्लामी परिषदेचा अध्यक्ष नमाजाला उभा राहायचा.

बांगी ही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी. देश ख्रिस्तीबहुल, मुसलमान साधारण १५ टक्के, त्यात व्यापारी आणि गुरं पाळणारे बरेच. मार्च २०१३ मध्ये सेलेका नावाच्या बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष बोझिझे यांना हुसकावलं. सेलेकात बहुतेक मुसलमान होते, काही चाड आणि सुदानमधून आलेले. त्यांनी गावं लुटली, माणसं मारली, चर्चही सोडली नाहीत. मग उलट बाजूने अँटी-बलाका टोळ्या उठल्या. ५ डिसेंबरला त्यांनी राजधानीवर हल्ला केला आणि सेलेकाच्या पापाचा हिशेब साध्या मुसलमान दुकानदाराकडून वसूल होऊ लागला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना ‘परदेशी’ म्हणून हाकललं गेलं. हा शब्द वाचताना मी जरा थांबलो. का, ते माझ्या वाचकांना सांगायला नको.

बातम्यांत या युद्धाला ‘ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान’ असं नाव पडलं. हिरे, सत्ता, चराऊ कुरणांचे वाद आणि वर्षानुवर्षं वाऱ्यावर सोडलेला ईशान्य भाग, हे सगळं त्या नावाखाली झाकलं गेलं. त्या नावालाच आर्चबिशप डियुडोने न्झापालाइंगा, इमाम लायामा आणि इव्हँजेलिकल चर्चचे पास्टर निकोला गेरेकोयामे यांनी विरोध केला. बंडखोर राजधानीकडे सरकत होते तेव्हापासूनच, २०१२ च्या अखेरीपासून, हे तिघे एकत्र काम करत होते. गावोगावी एकत्र जायचे आणि लोकांना समोरासमोर बसवायचे.

संवाद करा, शांत राहा, असं कुणीही सांगतो. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आर्चबिशप जाहीरपणे म्हणत राहिले की अँटी-बलाका ही ख्रिस्ती सेना नाही. इमामांनी सेलेकाच्या अत्याचारांचा निषेध केला. म्हणजे प्रत्येकाने आधी आपल्या माणसांना ऐकवलं. आर्चबिशपसाठी ते अवघड होतंच, पण इमामांची किंमत मला जास्त वाटते. त्यांची माणसं मारली जात होती, ट्रकमध्ये बसून चाड-कॅमेरूनकडे पळत होती, आणि अशा वेळी स्वतःच्याच बाजूचे गुन्हे बोलून दाखवायचे होते. ‘आत्ता नको, आत्ता आपण मार खातोय’ हे उत्तर आपल्याकडेही तयारच असतं.

यश किती? थोडंच. राजधानीतले उरलेसुरले मुसलमान पीके-५ या वस्तीत कोंडले गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच वस्तीतल्या मशिदीत जाऊन आले आणि वातावरण काही काळ निवळलं. पण २०१७ मध्ये बांगासू गावात मुसलमानांवर हल्ला झाला. तिथले बिशप आगिरे त्यांना वाचवायला मशिदीपुढे उभे राहिले, आणि नंतर सुमारे दोन हजार माणसांना त्यांनी चर्चच्या सेमिनरीत आसरा दिला. पुढच्याच वर्षी राजधानीत फातिमा चर्चवर हल्ला होऊन एक पाद्री मारले गेले. आर्चबिशप तोवर कार्डिनल झाले होते. पदवी वाढली म्हणून बंदुका थांबत नाहीत.

इमाम लायामा नोव्हेंबर २०२० मध्ये वारले. महिन्याभरातच निवडणुकीच्या तोंडावर सहा सशस्त्र गटांनी नवी आघाडी केली आणि राजधानीकडे कूच केलं. तिच्यात जुने सेलेकावाले होते आणि अँटी-बलाकावालेही.