विचारांचे रहाटगाडगे

उदास माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फार विचार करू नकोस’ हा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यात ‘हे दुखणे तूच ओढवून घेतलेस’ असा ठपका ऐकू येतो. विचार आणि नैराश्य यांचे नाते खरोखर असे आहे काय? मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाचा घेतलेला मागोवा मला येथे मुद्दाम मांडावासा वाटतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा दबदबा होता. दुसऱ्यावरचा राग माणूस स्वतःकडे वळवतो, त्यातून नैराश्य येते, असे ते शास्त्र मानी. फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक (१९२१-२०२१) याच परंपरेत शिकलेले. हे मत पुराव्याने सिद्ध करावे म्हणून त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. त्यांत रागाऐवजी सापडले ते पराभव, नकार आणि काहीतरी गमावल्याची भावना. पुढे त्यांना उमगले, की रुग्णाच्या मनात काही वाक्ये क्षणार्धात आपोआप उमटून जातात आणि तो त्यांना विचार न समजता वस्तुस्थितीच समजतो. मी कुचकामी, जग माझ्या विरुद्ध, पुढेही असेच चालणार, असे ते त्रिकूट. १९६७ च्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले.

बाजारात ओळखीचा माणूस न बोलता पुढे गेला, तर एकजण म्हणतो, ‘घाईत असेल.’ उदास माणूस म्हणतो, ‘मला टाळले. सगळेच टाळतात.’ प्रसंग एकच, पण एका अनुभवावरून साऱ्या जगाचा निकाल लावण्याची ही सवय त्याला आणखी खाली ओढते. अशा मनाच्या रवंथाचा अभ्यास सुसान नोलेन-होक्सेमा यांनी केला. ‘माझेच असे का?’ हे घोळवत राहिल्याने उदासी लांबते, असे त्यांनी १९९१ मध्ये मांडले.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस १९५५ पासून याच दिशेने चालले होते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे ऋण ते मान्य करीत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही विवेकनिष्ठ पद्धती आपल्याकडे रुजवली.

ही पद्धती केवळ उपदेश नव्हे, याचा पडताळाही झाला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१ रुग्णांपैकी काहींना इमिप्रामिन हे औषध, तर काहींना बेक यांचा उपचार बारा आठवडे दिला गेला. विचार तपासायला शिकलेला गट मागे पडला नाही. उलट सरस ठरला.

मात्र कथा येथे संपत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन यांनी बेक यांच्या उपचाराचे घटक वेगळे करून पाहिले. विचारांना हात न लावता, रुग्णाला फक्त हळूहळू कामाला, भेटीगाठींना लावले, तरी गुण तेवढाच आला! म्हणजे विचार हे एकमेव मूळ नव्हे. विचाराने उदासी वाढते, उदासीने तसेच विचार सुचतात. हे रहाटगाडगे कोठूनही थांबवता येते. आनुवंशिकता, आजार, कर्ज, वियोग यांचाही त्यात वाटा असतोच.

आपल्या शेजारच्या गोव्यात याचा प्रत्यय आला. ‘संगथ’ संस्थेच्या संशोधकांनी २०१३ ते २०१५ या काळात तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत रुग्णांना पुन्हा कामात, माणसांत आणले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा त्यांना अधिक बरे वाटले.

आपल्यासारख्या दुभाषी घरांसाठी यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळा, कचेरीची भाषा कोणतीही असो. मनात आपोआप उमटणारे वाक्य ज्या भाषेत येते, त्या भाषेत ते बोलता आले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा (१४४१६) अनेक भारतीय भाषांत बोलते, ते त्यासाठीच.

‘काळजी’ हा शब्द मराठीत आहे, तसा कन्नडमध्येही आहे. मराठीत काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. घरातल्या उदास माणसाला ‘विचार करू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘काय विचार येतो ते सांग, आणि चल, जरा फिरून येऊ’ असे म्हणणे, ही काळजी घेणे झाली.