बंद एसएमपीएसचा दोष शोधण्याची वाटचाल

डेस्कटॉप संगणकातला एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) घरातल्या २३० व्होल्ट एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज तयार करतो. १९७०च्या दशकापर्यंत असे काम बहुतेक यंत्रांत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि रेग्युलेटर करत. हा संच जड असे व फार तापे, पण त्याचा दोष शोधणे सोपे होते. मल्टिमीटरने एकेक टप्पा मोजत जायचे. जिथे व्होल्टेज नाहीसे होई, तिथे बिघाड.

जास्त व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर चित्र बदलले. एसएमपीएसमध्ये वीज आधी डीसी होते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर अगदी लहान पुरतो. १९७७च्या ॲपल टूसाठी रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा रचला आणि त्या संगणकाला पंखा लागला नाही. १९८१च्या आयबीएम पीसीत ६३.५ वॉटचा एसएमपीएस होता, तर १९८४च्या पीसी/एटीत १९२ वॉटचा.

या रचनेत बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची खबर सतत आतल्या नियंत्रकाकडे जाते. कुठे शॉर्ट झाले तर एसएमपीएस स्वतःच थांबतो. म्हणून तो बंद आहे एवढ्यावरून तो बिघडला असे ठरत नाही. मदरबोर्ड किंवा डिस्कमधला शॉर्टही त्याला बंद पाडतो. उलट, भार फार कमी असला तरी काही जुने एसएमपीएस सुरू होत नसत. हार्ड डिस्क नसलेल्या पीसी/एटीत आयबीएमने डिस्कच्या जागी ५ ओहमचा, ५० वॉटचा रेझिस्टर बसवला, तो एवढ्यासाठीच. असा एसएमपीएस बाहेर काढून नुसता तपासला, तर धडधाकट असूनही मेल्यासारखा वाटे.

एटी पद्धतीत मदरबोर्डला जाणारे पी८ आणि पी९ हे दोन जोड सारखेच दिसत. काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून ठेवायच्या, हा कारागिरांचा नियम होता. अदलाबदल झाली की बोर्ड जळण्याची भीती.

१९९५मध्ये इंटेलच्या एटीएक्स मानकाने तपासणीचा क्रमच बदलला. आता समोरचे बटण मुख्य वीज तोडत नव्हते, मदरबोर्डला फक्त इशारा देत होते. प्लग लावलेला असेपर्यंत जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून पहिले माप तिथले. ते बरोबर असेल तर मदरबोर्डचा जोड काढून हिरवी तार काळ्या तारेला वायरच्या तुकड्याने जोडतात. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो एवढे कळते. त्यापुढे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत, तेही भार असताना. सारे ठीक असल्याची खूण करड्या तारेवर येते. ती आली नाही तर मदरबोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो.

भारतात मागच्या लाल ११५/२३० खटक्याने बरेच एसएमपीएस जाळले. तो ११५वर राहिला की आतला डीसी दाब सुमारे ३२५ऐवजी ६५० व्होल्टपर्यंत चढू लागतो. २०० व्होल्टचे दोन्ही मोठे कपॅसिटर तो सोसत नाहीत आणि फ्यूज उडतो, कधी कपॅसिटरच फुटतो. पुढे ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) आल्यावर हा खटका गेला. २०००च्या सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभर विकले गेले. त्या काळात झाकण उघडून फुगलेली किंवा ओघळलेली टोके पाहणे ही तपासणीची पहिली पायरी झाली.

दुरुस्तीच्या टेबलावर सिरीज बल्ब मात्र टिकून राहिला. एसएमपीएस बल्बमधून मेनला जोडल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर मेनच्या बाजूला शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर रेक्टिफायरचे डायोड किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर गेलेले असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो, म्हणून तो उतरवल्याशिवाय आत हात घालत नाहीत. नवे एसएमपीएस स्वस्त झाले तसे सुटे भाग बदलणे मागे पडले. आता चांगला एसएमपीएस लावून पाहणे हीच सर्रास चालणारी चाचणी आहे. त्यानेही संगणक सुरू झाला नाही, तर दोष पुढे मदरबोर्डवर शोधतात.