जागा वाढली, पण रांग सरकेना

संगणकांच्या जाळ्यातून माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून जाते, हे आपल्याला माहीत आहे. रस्ते एकत्र येतात तिथे राउटर असतो. पुढची तार झेपवील त्याहून अधिक पॅकेटे आली, की राउटर ती आपल्या स्मृतीत रांगेने ठेवतो. या जागेला बफर म्हणतात. बफर भरला की नवी पॅकेटे टाकून द्यावी लागतात. मग बफर अमर्याद मोठा केला तर?

जॉन नेगल यांनी १९८५ साली नेमका हाच प्रश्न विचारला. प्रत्येक पॅकेटला आयुर्मर्यादा असते. आवक सतत जास्त राहिली तर रांग वाढतच जाते आणि एक वेळ अशी येते, की पाळी येईपर्यंत प्रत्येक पॅकेटची मुदत संपलेली असते. साठवण अमर्याद, पण पोहोचत काहीच नाही!

ऑक्टोबर १९८६ मध्ये गर्दीचा प्रत्यय आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांत अंतर सुमारे ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पोच मिळेना म्हणून संगणक तीच पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत आणि गर्दीत भर घालत. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला: पॅकेट हरवले की ती गर्दीची खूण समजून पाठवण्याचा वेग कमी करायचा.

पण एखाद्याने हा संयम पाळलाच नाही तर? एकाच रांगेत हावरटाचा फायदा होतो. म्हणून प्रत्येकाची वेगळी रांग करून पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, असे नेगल यांनी सुचवले होते. यात मोठी पॅकेटे पाठवणाऱ्याला जास्त वाटा मिळे. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ मध्ये हिशेब पॅकेटांऐवजी बिटांनी केला आणि ही त्रुटी दूर केली.

पुढे स्मृती स्वस्त झाली, बफर फुगले. १० लाख बाइटांचा भरलेला बफर सेकंदाला १० लाख बिटांच्या तारेवर रिकामा व्हायला ८ सेकंद लागतात. एवढ्या विलंबात दूरध्वनीसारखे संभाषण अशक्यच. म्हणून २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे मोजायला सुचवले. हा वेळ बराच काळ ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरलाच नाही, तर पॅकेटे टाकायला सुरुवात करायची.

तार दहापट वेगवान, बफर तेवढाच. तर किती थांबावे लागेल? हे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे.