शिव्यांचे माप

राजकीय वादातला असभ्यपणा मोजावा कसा, असा प्रश्न हल्ली विद्वान मंडळी घेतात आणि पुष्कळदा शिव्या मोजत बसतात. आम्ही कामगारांच्या सभांतून वाढलेले. शिवी आम्हांला नवी नाही. हे माप पुरते की नाही, ते आपल्या कोल्हापूरच्याच एका प्रकरणावर घासून पाहू.

१८८१-८२ च्या सुमारास पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तिखट लेख लिहिले. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, हा आरोप. आधाराला बर्व्यांच्या नावावरची काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते.

आता मोजा! बनावट पत्राला शिवीची गरज लागत नाही. गोड भाषेतही ते माणसाची अब्रू घेते. उलट, २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत छत्रपतींचा अंत झाला. म्हणजे काळजी खरी होती, कागद खोटे होते. १८६० च्या दंडसंहितेचे ४९९ वे कलमही नुसते शब्द तोलत नव्हते. आरोप खरा आहे का आणि तो लोकहितासाठी केला का, हे ते विचारीत होते.

याच प्रकरणात दुसरेही एक माप सापडते. 'केसरी'च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांची कठोर टवाळी केली होती. तरी टिळक-आगरकरांना दहा हजारांचा जामीन हवा होता, तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे पुढे झाले. मतभेद तसाच राहिला. पण विरोधकाला तुरुंगात ढकलून वाद जिंकायचा नाही, हे त्यांनी पैशानिशी दाखवले.

म्हणून आमचे माप असे: आरोपाला पुरावा आहे का? समोरच्याला उत्तराची जागा ठेवली का? आणि उद्या तो अडचणीत आला, तर त्याचा हक्क आपण मानू का? आमच्या सभेत रागाने निघालेल्या शिवीवर आम्ही नुसते टोकतो. खोटा आकडा सांगणाऱ्याला मात्र खाली बसवतो. कारण त्या आकड्यावर विसंबून उद्या शेकडो माणसे संपावर जायची असतात.