नळजोडणीची हत्यारे आणि वऱ्हाडचे पाणी

अमरावती शहराला सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून, तर अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. अकोल्यात नळाला पाणी अनेकदा काही दिवसांच्या अंतराने येते. ते घरातल्या सांध्यातून गळून जाऊ नये, हे बरेचसे कारागिराच्या हत्यारांवर अवलंबून असते.

गंजू नये म्हणून लोखंडी पाईपला जस्ताचा मुलामा दिलेला असतो. आटे पाडताना नेमका तोच कापला जातो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील खारट भूजल अशा उघड्या आट्यांना लवकर खाते. शिवाय काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पुरलेल्या सांध्यांवर ताण येतो.

पाईप कापण्यासाठी बारीक दातांचे पाते लावलेला हॅक्सॉ वापरतात. पात्याचे दात मुठीच्या विरुद्ध दिशेला असावेत. कापलेल्या कडेची आतली कोर गोल कानशीने घासावी, अन्यथा तेथे कचरा अडकतो. पाईप व्हाइसमध्ये घट्ट धरून डायने आटे पाडतात. अर्धा इंची पाईपवर दर इंचाला १४ आटे असतात आणि ते टोकाकडे निमुळते होत जातात. डाय बोथट असल्यास आटे फाटतात. आट्यांवर दोरा व सफेदा किंवा टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळावी.

घट्ट करण्यासाठी पाईप पाना लागतो. अमेरिकेतील डॅनियल स्टिलसन यांनी १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याचा हलता जबडा किंचित सैल असतो. त्यामुळे दांडा दाबताच पकड वाढते. हा पाना एकाच दिशेने पकडतो. म्हणून दोन पाने लागतात: एकाने पाईप स्थिर धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावल्यास भिंतीतला मागचा सांधा सैल होतो. चकचकीत नळांवर दातेरी पाना चालवू नये; तेथे गुळगुळीत जबड्याचा स्लाइड पाना योग्य ठरतो.

सीपीव्हीसी पाईपना गंज चढत नाही. त्यांना कटर व चिकटद्रव्य पुरते. मात्र नळाशी जोडणाऱ्या पितळी आट्यांसाठी पाना लागतोच, आणि तेथे अतिजोर केल्यास प्लॅस्टिकला तडा जातो. घरी काम सुरू होण्यापूर्वी कारागिराकडे दोन पाने आहेत का, एवढे पाहिले तरी पुढची गळती बरीच टळते.