नीलादाहाच्या कारणमीमांसेचा इतिहास : हंटर ते फिरखो

प्रस्तावना :
शरीराच्या विविध भागांतून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीस नीला म्हणतात. बोलीभाषेत तिला शीर असे संबोधले जाते. तिच्या भित्तिकेस दाह होऊन ती जागा लाल, उष्ण व वेदनायुक्त होणे म्हणजे नीलादाह होय. अशा नीलेत बहुधा रक्ताची गुठळीही आढळते. दाहामुळे गुठळी होते की गुठळीमुळे दाह, या प्रश्नाची उकल होण्यास युरोपीय वैद्यकात सुमारे पाऊण शतक लागले. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

हंटर यांचे निरीक्षण :
अठराव्या शतकात रक्तमोक्षण हा सर्वमान्य उपचार होता. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर (१७२८-१७९३) यांनी १७८४ मध्ये वाचलेल्या व १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नीलेच्या अंतःस्तराच्या दाहाचे वर्णन केले. शीर कापून रक्त काढल्यानंतर माणसांत तसेच घोड्यांत हा विकार उद्भवतो, असे त्यांनी नोंदविले. उपचारच रोगाचे कारण ठरू शकतो, हा या निरीक्षणाचा गर्भितार्थ होता. तथापि सूक्ष्मजंतूंचे कार्य त्या काळी अज्ञात होते. शस्त्रक्रियेतील जंतुनाशनाचा लिस्टर यांचा सिद्धांत १८६७ मध्ये पुढे आला.

क्र्यूव्हेलिए व फिरखो :
फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ झां क्र्यूव्हेलिए यांनी नीलादाहास समग्र विकृतिशास्त्राच्या केंद्रस्थानी बसविले. त्यांच्या मते दाह हे कारण व गुठळी हा परिणाम होता. बर्लिन येथील तरुण संशोधक रुडॉल्फ फिरखो यांनी १८४० च्या दशकात हे मत तपासले. फुप्फुसाच्या रोहिणीत सापडणारी गुठळी अनेकदा तेथे निर्माण झालेली नसून दूरच्या नीलेतून वाहत आलेली असते, असे त्यांना आढळले. कुत्र्यांच्या मानेच्या नीलेत रबराचे व गुठळ्यांचे तुकडे सोडून त्यांनी हा प्रवास प्रयोगाने सिद्ध केला. गुठळीच्या मध्यभागी दिसणारा पुवासारखा द्रव प्रत्यक्षात पू नसून विरघळलेली गुठळी असू शकते, हेही त्यांनी दाखविले. हे संशोधन १८५६ च्या त्यांच्या लेखसंग्रहात एकत्रित झाले.

आजची कारणमीमांसा :
रक्तप्रवाह मंदावणे, भित्तिकेस इजा होणे व रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही तीन कारणे आज गुठळीच्या मुळाशी मानली जातात. या त्रयीस फिरखो यांचे नाव पुढील काळात जोडले गेले. रक्तमोक्षण मागे पडले असले तरी सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीमुळे होणारा दाह रुग्णालयांत आजही आढळतो. हंटर यांचा इशारा त्या अर्थाने कालबाह्य झालेला नाही.

समारोप :
हंटर यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु त्यावरून उभारलेला सर्वव्यापी सिद्धांत टिकला नाही. दाहातून गुठळी व गुठळीतून दाह हे दोन्ही क्रम संभवतात. दोन घटना एकत्र आढळल्या म्हणून त्यांतील कारण कोणते हे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगाची कसोटी आवश्यक असते, हा या इतिहासाचा बोध सर्वच ज्ञानशाखांच्या अध्यापनात मोलाचा आहे.