दाढदुखी, पिंपरीचं पेनिसिलीन आणि वाईचा विश्वकोश

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडं पहिला उपाय लवंग आणि दुसरा मेडिकल. "दाढेवरची गोळी द्या" एवढं म्हटलं की काउंटरवर दोन-तीन गोळ्या कापून मिळतात. एक ठणक थांबवणारी, एक पित्ताची आणि बऱ्याचदा एक अँटिबायोटिक. दवाखान्यातून चिठ्ठी आणली तरी पुष्कळदा तीच मंडळी असतात, फक्त पाच दिवसांची. ही सवय आली कुठून, आणि ती मोडायला दाताच्या डॉक्टरांना कधी, कसं शिकवलं गेलं, त्याचा इतिहास आज बघू. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात पिंपरीपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलीन परदेशातून यायचं आणि ते मिळणं नशिबाची गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारनं पिंपरीला कारखाना काढला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झालं. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी, आणि तीही आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. न्यूमोनियानं, चिघळलेल्या जखमेनं, बाळंतपणानंतरच्या तापानं माणसं जायची, ती वाचायला लागली.

दातातही तेच. खालच्या दाढेतला पू कधी कधी जबड्याखाली, जिभेच्या बुडाशी उतरतो. गळा टणक सुजतो, जीभ वर उचलली जाते, श्वास कोंडतो. या दुखण्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. अँटिबायोटिक येण्याआधी त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावायचे. एका दाढेपायी! त्यामुळं त्या पिढीतल्या डॉक्टरांना पेनिसिलीनबद्दल जो आदर वाटला तो उगाच नव्हता. ज्यानं हे मरण डोळ्यांनी पाहिलंय तो "असू दे, एक कोर्स देऊन टाकू" म्हणणारच.

पण गंमत बघा. पिंपरीचा कारखाना उभा राहण्याच्या दहा वर्षं आधीच धोक्याची सूचना मिळालेली होती, आणि ती देणारा माणूस होता खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेलच्या व्याख्यानात त्यानं एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि अर्धंमुर्धं घेतो. जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. ते त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता तिच्यावर पेनिसिलीन चालत नाही. बायको जाते. आपल्या मेडिकलच्या काउंटरवर रोज जे घडतं ते त्यानं आठ दशकांपूर्वी सांगून ठेवलेलं आहे. औषध आपण पिंपरीत आणलं, सूचना मात्र स्टॉकहोमलाच राहिली.

आता वाईकडं येऊ. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम इथं चाललं, आणि पहिला खंड १९७६ साली आला. त्यात पुढं 'प्रतिजैव पदार्थ' अशी नोंद आली, पेनिसिलीनची स्वतंत्र नोंद आली. वेदशास्त्राच्या प्राज्ञपाठशाळेचं हे गाव, आणि इथंच बुरशीपासून काढलेल्या औषधांची मराठी नोंद संपादित होत होती. याचा आपल्याला जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही असं माझं मत आहे. गंगापुरीवरून जाता-येता पाटी दिसते, तेवढंच. पण या नोंदीमुळं एक गोष्ट सिद्ध झाली: जंतू, औषध आणि त्यांची झटापट हा विषय मराठीत सांगता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दरम्यान दंतवैद्यकाचं शिक्षण आपल्या वाटेनं चाललं होतं. देशातलं पहिलं डेंटल कॉलेज १९२० साली कलकत्त्यात निघालं, मुंबईत नायरचं १९३३ साली, आणि १९४८ साली डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला. आज आपल्याकडची पोरं कराड, सांगली, पुण्याला बीडीएस करतात. या अभ्यासक्रमाची मांडणी बघण्यासारखी आहे. जंतुशास्त्र आणि औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी. रुग्णाच्या तोंडात हात घालणं मुख्यतः तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे अमॉक्सिसिलिन काय करतं हे पाठ करून परीक्षा दिली जाते तेव्हा समोर कळवळणारा माणूस नसतो. आणि तो माणूस समोर येतो तेव्हा पुस्तक माळ्यावर गेलेलं असतं. मग चिठ्ठी कुठून शिकायची? सीनियरकडून. सीनियर त्याच्या सीनियरकडून शिकलेला. 'अमॉक्स-मेट्रो पाच दिवस' हे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आता प्रश्न असा की त्यात चूक काय? दात कापून बघितला तर मध्ये मऊ गाभा असतो, ज्याला आपण नस म्हणतो. त्याला रक्तपुरवठा मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून होतो. कीड आतवर गेली की गाभा सुजतो, पण चहूबाजूंनी कडक भिंती, सुजायला जागाच नाही. म्हणून ती जीवघेणी ठणक. ही सूज गोळीनं उतरत नाही. गाभा मेला तर रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारी गोळी आत पोचणार कशी? दात उघडून आतली घाण काढणं किंवा दात काढणं, हाच इलाज. ठणक थांबते ती वेदनाशामक गोळीनं, आणि श्रेय अँटिबायोटिकला मिळतं. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली स्वच्छ लिहून ठेवलं: एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाच्या अशा दुखण्यात, दातावर लगेच उपचार होणार असतील तर अँटिबायोटिक नको. ताप आला, अंग मोडून आलं, सूज पसरायला लागली, तोंड उघडेना, तर मात्र हवीच. तिथं हयगय केली तर लुडविग्ज अंजायना आजही वाट बघत बसलेलाच आहे.

शहाणपण बदलतं याचं दुसरं उदाहरण हृदयाच्या रुग्णांचं. दात काढण्याआधी त्यांना अँटिबायोटिक द्यावं अशी पहिली शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९५५ साली केली, म्हणजे पिंपरीत उत्पादन सुरू झालं त्याच साली. २००७ साली त्याच संस्थेनं ती यादी फार छोटी केली आणि जास्तीत जास्त धोका असलेल्या थोड्या रुग्णांपुरतीच शिफारस ठेवली. बावन्न वर्षं लागली. मधल्या काळात जे शिकून बाहेर पडले त्यांना हे पुन्हा कोण शिकवणार?

कायद्यानं थोडं केलं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं, म्हणजे काही औषधांची विक्री दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवायची. पण दाताच्या चिठ्ठीवरचं नेहमीचं अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही.

शिक्षणाचा मुद्दा खऱ्या अर्थानं पुढं आला तो २०१५ नंतर. जागतिक आरोग्य संघटनेनं कृती आराखडा काढला, आपला राष्ट्रीय आराखडा २०१७ साली आला, आणि दोन्हींत पहिलं कलम जागृती आणि शिक्षणाचं. हा नुसता कागदी विषय नव्हता: २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी जगभरात थेट सुमारे १२.७ लाख माणसं नेली असा अंदाज नंतर लॅन्सेटमध्ये आला. दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेचं, एफडीआयचं, म्हणणं असं की माणसांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी सुमारे १० टक्के दाताच्या दवाखान्यातून जातात. २०२० साली तिनं यावर श्वेतपत्रिका काढली आणि दंतवैद्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमही आला.

वर्ष कोणतं, लक्षात आलं ना? कोविडचं. कॉलेजं बंद, पोरं गावाकडं, मोबाइलवर लेक्चर. रेंजसाठी गच्चीवर, नाहीतर टेकाडावर. दात कोरायला मोबाइलवर शिकता येत नाही. पण कधी अँटिबायोटिक द्यायचं आणि कधी नाही, हा निर्णय पडद्यावर शिकवता येतो. फोटो, एक्स-रे, रुग्णाची तक्रार दाखवा, निर्णय घ्यायला लावा, चुकला तर का चुकला ते सांगा. संधी चांगली होती. आणि नेमक्या त्याच महिन्यांत दवाखाने बंद असल्यानं दात उघडण्याऐवजी गोळ्या देणं वाढलं. इंग्लंडमध्ये तेव्हा दंतवैद्यांनी दिलेल्या अँटिबायोटिक्सचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं वाढल्याचं नोंदलं गेलं. शिकवणी एकीकडं, व्यवहार दुसरीकडं.

माझी ऑनलाइन शिक्षणाबद्दल तक्रार वेगळीच आहे. हे अभ्यासक्रम मुख्यतः इंग्रजीत आहेत. विद्यार्थी व्हिडिओ बघतो, दहा प्रश्नांची उत्तरं देतो, प्रमाणपत्र मिळतं. मग समोर जोर-जांभळीच्या खोऱ्यातून आलेली बाई बसते. एसटीनं आलीय, आजचा रोज बुडालाय, रूट कॅनॉलचे काही हजार तिच्याकडं नाहीत, गोळ्यांचे शंभर आहेत. ती म्हणते, "डॉक्टर, गोळीच द्या." लंडनमध्ये बसून केलेल्या अभ्यासक्रमाला ही बाई माहीत नाही. तिला नाही म्हणायचं तर मराठी वाक्य लागतं, आणि पैशाची सोयही लागते. दुसरी गोष्ट कॉलेज शिकवू शकत नाही. पहिली नक्की शिकवू शकतं. "ताई, सूज नाही, ताप नाही, तोंड नीट उघडतंय. दुखतंय ते आतल्या नसेमुळं, तिथं ही गोळी पोचत नाही. आज दात उघडून औषध भरतो, रात्री झोप लागेल. सूज आली किंवा ताप आला तर वाट न बघता या." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. आणि हे बोलणं दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत येत नाही.

म्हणून मुद्दा परत गंगापुरीत येतो. विश्वकोशाचं काम आता ज्ञानमंडळांमार्फत ऑनलाइन चालतं. आरोग्य विद्यापीठ नाशिकला आहे. डेंटल कॉलेजं कराड-सांगलीत आहेत. १९४८ चा कायदा बदलणारा नवा कायदा संसदेनं २०२३ साली मंजूर केलाय, म्हणजे अभ्यासक्रमाची चर्चा उघडायला हीच वेळ. आपल्याच भागातल्या रुग्णांसारखे दहा-बारा नमुने घेऊन, रुग्णाशी मराठीत काय बोलायचं यासकट, एक ऑनलाइन धडा करायला पाच-दहा कोटी लागत नाहीत. फार तर सहा महिने आणि चार-पाच चिवट मास्तर लागतील. शिवाय प्रत्येक कॉलेजनं आपल्याच ओपीडीतल्या मागच्या महिन्याच्या चिठ्ठ्या विद्यार्थ्यांपुढं ठेवाव्यात आणि विचारावं, यातल्या किती गरजेच्या होत्या? व्हिडिओपेक्षा हे जास्त लागेल, आणि मास्तरांनाही थोडं लागेल.

वाई, पाचवड, भुईंजकडचे जे दंतवैद्य आणि बीडीएसची पोरं हे वाचत असतील त्यांना एक विनंती. रुग्ण हट्टानं गोळीच मागतो तेव्हा तुम्ही नेमकं काय बोलता, ते कॉमेंटमध्ये लिहा. इंग्रजीत नको, खुर्चीशेजारी उभं राहून बोलता तसंच्या तसं.